नानांच्या समोरची जागा

नानांना एकट्यानं चहा पिता येत नसे. म्हणजे घशाखाली उतरतच नसे. टपरीवरून कप घेऊन यायचे, पाळण्याच्या कठड्याला टेकून उभे राहायचे आणि कुणी सोबतीला येईपर्यंत नुसती वाफ बघत बसायचे. कुणी आलंच नाही तर चहा गार व्हायचा, त्यावर साय धरायची आणि शेवटी तो जास्वंदीच्या बुडाशी ओतला जायचा. "अहो नाना, प्या की गुमान! जास्वंदीला काय चहाची तलफ येते का?" असं मी तिकिटाच्या खिडकीतून ओरडायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "एकट्यानं प्यायला तर त्याचा काढा होतो, सुमन. चहाला समोर माणूस लागतो."

हे नाना म्हणजे सुरतेत कडोदऱ्याच्या रस्त्यावर पूर्वी जी बाग होती, तिथल्या आकाशपाळण्यावरचे नाना. बागेला शेठनं चांगलं भारदस्त नाव दिलं होतं, दारावर रंगीत दिव्यांत ते लिहिलंही होतं. पण पांडेसऱ्यातलं शेंबडं पोरसुद्धा तिला त्या नावानं ओळखत नसे. सगळे म्हणायचे 'चकडोळ'. चकडोळ म्हणजे गुजरातीत आकाशपाळणा. गावाकडून पाहुणे आले की त्यांना एकदा समुद्र दाखवायचा आणि एकदा चकडोळला न्यायचं, की झाली सुरत बघून. आमच्या खानदेशी लोकांची सहल ती तेवढीच.

मी त्या बागेत आले तेव्हा माझं लग्न होऊन फार काळ झाला नव्हता. नवरा रंगाच्या मिलमध्ये, आज दिवसपाळी तर उद्या रातपाळी. खोलीत मी एकटी भिंतींशी बोलायचे. त्यानंच कुणाच्या तरी ओळखीनं मला तिकिटाच्या खिडकीवर चिकटवलं. पहिल्याच दिवशी सकाळी बाग उघडायच्या आधी एक उंच, वाकलेला, कानात भिकबाळीसारखी बारीक बाळी घातलेला माणूस खिडकीशी आला आणि म्हणाला, "चल, वर जायचंय." मी म्हटलं, "मी कशाला? मी तिकिटं फाडायला आलेय." तो म्हणाला, "रोज सकाळी माणसं बसवायच्या आधी एक फेरी मारून बघावी लागते. रिकामी नाही मारायची. आणि एकट्यानं बसायचं नाही, हा इथला कायदा आहे. मग दुसरं कोण? तूच."

नाना अहिराणी बोलत. मी इथे त्यांचं बोलणं सोपं करून लिहितेय, नाहीतर वाचणारे मला शिव्या घालतील. पण त्यांची दोन वाक्यं मात्र जशीच्या तशी ठेवणार आहे, कारण ती सोपी केली तर नाना उरतच नाहीत. त्यातलं एक मी त्या सकाळी ऐकलं. पाळण्यात समोरासमोर दोन बाकं होती. एका बाकावर मी, माझी पाचावर धारण बसलेली. समोर नाना. त्यांनी कडी लावली, पुन्हा ओढून बघितली, मोटरवाल्याला हात केला आणि पाळणा वर जायला लागला तसं म्हणाले, "काय दिसस, सांग."

म्हटलं, हा माणूस आहे का कोण? इथे माझा जीव घशाशी आलाय आणि याला वर्णन हवंय! पण ते हटले नाहीत. दोन्ही हातांनी कडी धरून, माझ्या कपाळाकडे बघत पुन्हा विचारलं, "सांग ना. बारडोलीच्या अंगाला काय दिसस?" मग मी डोळे किलकिले करून सांगितलं. ऊस दिसतो, नुसता ऊस. तुरे आलेत. मध्ये कालवा चमकतोय. आणि पांडेसऱ्याच्या बाजूला? चिमण्या दिसतात, धूर सगळा एकाच बाजूला झुकलाय. आणि खाली? खाली नाला दिसतो, आज जांभळा आहे. (आजूबाजूच्या कारखान्यांत ज्या रंगाच्या साड्या निघायच्या त्या रंगाचं पाणी नाल्यात यायचं.) "जांभळा!" नाना खूश होऊन म्हणाले, जणू नाला मीच रंगवला होता. सांगता सांगता पाळणा खाली कधी आला ते मला कळलंही नाही. पुढे बाग बंद पडेपर्यंत ही आमची रोजची फेरी होती. बस मिळाली नाही म्हणून मला उशीर झाला तर नाना मोटर सुरू करू देत नसत, मग शेठ कितीही चिडोत.

त्या 'कायद्या'बद्दल सांगायला हवं. पाळण्याच्या दारावर पाटी होती, 'एकली व्यक्तिने बेसाडवामां आवशे नहीं'. सुरुवातीच्या दिवसांत कुणी एकटा माणूस वर गेल्यावर घाबरून उभा राहिला होता आणि पाळणा गदगदा हलला होता. झालं काही नाही, पण शेठनं धसका घेतला आणि पाटी लावली. शेठला काय, त्याच्याकडे कुटुंबंच्या कुटुंबं यायची. पण आमच्या सुरतेत एकट्या माणसांची काय वाण आहे? कुणी खानदेशचा, कुणी ओडिशाचा, कुणी उत्तरेकडचा. बायको-मुलं गावी, इथे एका खोलीत दहाजण पाळीपाळीनं झोपणार. सुट्टीच्या दिवशी असा माणूस चांगला शर्ट घालून, केसांना तेल लावून चकडोळला यायचा आणि पाटी वाचून उभा राहायचा. नखांत मिलचा रंग तसाच. असाच एकजण एकदा दुपारपासून दिवेलागणीपर्यंत कठड्याशी उभा राहून नुसता वर बघत होता म्हणे. नाना तेव्हा पाळण्यात माणसं चढवायचं आणि कडी लावायचं काम करत. त्यांना ते बघवेना. शेवटी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एकला कसाले रे भाऊ? मी शे ना!"

म्हणजे, एकटा कशाला, मी आहे ना. हे त्यांचं दुसरं वाक्य. त्या दिवसापासून नाना एकट्यांचे जोडीदार झाले. आमच्या बागेत पाळणे होते, घसरगुंड्या होत्या, झुकझुक गाडी होती, तळ्यात बदकाच्या आकाराच्या होड्या होत्या. पण दुसऱ्या कुठल्याही बागेत नसेल अशी गोष्ट म्हणजे समोरच्या बाकावर बसायला नाना होते. एकटी बाई आली तर मात्र ते स्वतः बसत नसत. मला हाक यायची, "सुमन, खिडकी लाव आणि ये, ताई एकली शे!" रांगेतली माणसं कावायची, मी रांगेवर कावायचे, आणि जायचेच.

वर गेल्यावर ते प्रत्येकाला तेच विचारायचे, काय दिसस, सांग. ज्याची जी भाषा त्या भाषेत. आणि गंमत अशी की दिवसभर ज्याच्या तोंडून शब्द निघालेला नाही असा माणूस वर बोलायला लागायचा. आधी चिमण्या, मग रेल्वे, मग ही रेल्वे माझ्या गावाला जाते, मग गावात कोण कोण आहे. खाली उतरताना ती माणसं नानांचा हात धरून ठेवायची. मी खिडकीतून बघायचे. नाना मात्र उतरल्यावर जरा वेळ कठड्याला घट्ट धरून उभे राहायचे आणि मग पाण्याचा तांब्या घटाघटा रिकामा करायचे. मला वाटायचं, वय झालंय, दमत असतील.

आता नानांचं स्वतःचं. त्यांची बायको, आम्ही तिला माई म्हणायचो, ती गावी अमळनेरकडे. मूलबाळ नव्हतं. लग्न झाल्यावर नाना तिला एकदा सुरतेला घेऊन आले होते. तेव्हा ते पांडेसऱ्यात रंगखात्यात होते. एक खोली, खाली गटार, वर पत्रा आणि नाकात तो उग्र वास. माई थोडे दिवस राहिली आणि म्हणाली, मी गावी शेत बघते, तुम्ही पैसे कमवा आणि या. ती गेली ती गेलीच. नाना वर्षातून दोनदा जाऊन यायचे. पुढे छातीच्या त्रासानं त्यांनी मिल सोडली आणि बागेत लागले. पण मिल सोडून पाळण्यावर काम करतो हे सांगितलं तरी माईला ते काम काही खरं वाटेना. "पाळण्यावर काय काम असतं? तो आपोआप फिरतो," असं ती म्हणायची म्हणे.

नानांच्या मनात एकच गोष्ट होती. माईनं एकदा यावं आणि समोरच्या बाकावर बसावं. एक फेरी. बस. हे ते मला सकाळच्या फेरीत इतक्यांदा सांगत की मला पाठ झालं होतं. यंदा दिवाळीत आणतो. यंदा आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर आणतो. मी चिडवायचे, "नाना, माई काही तुमच्या चकडोळला भीक घालत नाही. तुम्ही आपलं मलाच मिरवा." ते हसायचे आणि कडी पुन्हा ओढून बघायचे. पण एकदा म्हणाले, "इतक्या लोकांच्या समोर बसलो, सुमन. जिच्या समोर बसायचं तीच राहिली." त्यानंतर मी त्यांना माईवरून चिडवणं सोडलं.

माझा नवरा गेला तेव्हाची एक सकाळ सांगते. तो तापानं अचानक गेला. दिवसकार्य आटोपून मी कामावर आले, कारण घरात बसले असते तर वेडी झाले असते. मुलगा तेव्हा शाळेत होता. नाना कठड्याशी उभे होते. पाळण्याचं दार उघडून धरलं, मी बसले, ते बसले, कडी लावली. त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही. आम्ही नुसते वर गेलो, नुसते खाली आलो. खाली आल्यावर मी उठणार तर त्यांनी मोटरवाल्याला हात केला, आणखी एक. दुसऱ्या फेरीत वर गेल्यावर माझ्याच तोंडून निघालं, "धूर दिसतोय नाना. चिमण्या दिसतात. त्याची मिल कुठली ते आता ओळखू येत नाही." आणि मग मी जी रडले ती रडले. नाना माझ्या कपाळाकडे बघत बसून होते, डोळे भरलेले, हात कडीवर. जगात माझ्यासमोर कुणीतरी बसलेलं आहे एवढं त्या दिवशी मला पुरलं.

वर्षं गेली तसं माझं सकाळचं वर्णन बदलत गेलं. बाग बदलली ती मी वरूनच बघितली. आधी ऊस मागे सरकला आणि त्या जागी यंत्रमागांचे पत्रे आले. उन्हात ते इतके चमकायचे की डोळे मिटावे लागायचे. मग रस्ता रुंद झाला, त्यावर पूल आला. मग इमारती आल्या. पूर्वी आमच्या पाळण्याच्या वर फक्त घारी असायच्या. नंतर नंतर बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या बायका आम्हाला वरून बघायला लागल्या. हायवेला पाण्याचे मोठे पार्क झाले, मॉलमध्ये थंडगार हवेत खेळ आले. आमची झुकझुक गाडी बंद पडली, तळं आटवलं, बदकांच्या होड्या भिंतीशी पालथ्या पडल्या. नंतर तो कोरोना आला आणि कुलूपच लागलं. उघडली तेव्हा रविवारीसुद्धा खिडकीत बसून माशा मारायची वेळ आली. एकटी माणसं मात्र यायची. त्यांचा ओघ आटला नव्हता.

मी हे सगळं नानांना इमानेइतबारे सांगायचे. ऊस गेला म्हटलं तर ते नाराज व्हायचे. "जरा नीट बघ ना, असंल कुठेतरी एखादा तुकडा." मी म्हणायचे, "तुम्हीच बघा की, डोळे आहेत ना?" पण ते बघायचे नाहीत. मला वाटायचं, जे गेलं ते बघवत नसेल.

शेवटी शेठ थकला आणि मुलांनी ठरवलं की इथे कापडाची गोदामं बांधायची. पाळणा मेळ्यावाल्या एका माणसानं घेतला, तो सुटा करून ट्रकनं नेणार होता. नाना शेठच्या घरी गेले. आयुष्यात काही मागितलं नव्हतं, ते मागितलं. दिवाळी होईपर्यंत पाळणा उभा ठेवा, माझ्या बायकोला एकदा बसवायचंय. शेठ म्हणाला, "नाना, ए तो तमारो ज छे." तो तुमचाच आहे. आणि नानांनी गावी निरोप धाडला, आता नाही आलीस तर पुन्हा कधीच नाही. त्या निरोपानं माईचं काय झालं कोण जाणे, पण भाऊबीज झाल्यावर पुतण्याला घेऊन ती सुरतेत उतरली.

पुतण्या तिला बागेच्या दारापर्यंत सोडून गेला तेव्हा मी तिथे हजर होते. नोकरी संपली होती, पण ही फेरी मी चुकवणार होते होय! माई माझ्या कल्पनेपेक्षा बारकी निघाली. हातात पिशवी, डोक्यावर पदर, नजर मात्र धारदार. तिनं मान वर करून पाळणा शेंड्यापर्यंत बघितला आणि म्हणाली, "एवढा?" नाना नव्या नवऱ्यासारखे लाजले. आत जाऊन त्यांनी मोटरचा खटका दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. मी धावत जाऊन बघते तर विजेची वायर तोडून गुंडाळून ठेवलेली. शेठनं शब्द दिला होता, पण मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं. पाळणा उभा होता आणि वीज गेलेली होती.

माझ्या तोंडात शेठच्या मुलांसाठी काय काय आलं ते इथे लिहिता येणार नाही. नानांनी खटका आणखी एकदा दाबला. नुसते उभे राहिले, खटक्यावर हात तसाच. मग माईच म्हणाली, "बसायला तर येतं ना?"

ती बसली. सगळ्यात खालच्या पाळण्यात, जमिनीपासून हातभर उंच. नाना समोर बसले. त्यांनी कडी लावली, ओढून बघितली आणि नसलेल्या मोटरवाल्याला हात केला. मी कठड्याशी उभी. आणि नाना सांगायला लागले. "हां, निघालो. आता वर चाललो. तो बघ ऊस, बारडोलीच्या अंगाला. तुरे आलेत. कालवा चमकतोय बघ. आता शेंड्याला आलो. तिकडे चिमण्या, धूर सगळा एकाच बाजूला झुकलाय. खाली नाला दिसतो का? आज जांभळा आहे." मी ऐकत होते. ती माझी वाक्यं होती. पहिल्या दिवसाची. त्यातलं काहीही तिथे आता उरलेलं नव्हतं.

माई गंभीरपणे ते सांगतील तिकडे बघत होती. एकाएकी तिनं दोन्ही हातांनी बाक धरलं आणि म्हणाली, "पुरे, उतारा माले. चक्कर ई ऱ्हायनी." नाना घाईघाईनं उठले, कडी काढली आणि तिला हात देऊन जपून उतरवलं. पाळणा तसूभर हलला नव्हता. मी तोंडाला पदर लावून हसले की रडले ते मलाच माहीत नाही.

मग नाना हात धुवायला नळाकडे गेले तेव्हा माई माझ्याजवळ आली. हलक्या आवाजात म्हणाली, "हा माणूस रोज वर जायचा? खरं सांग." मी म्हटलं, "रोज. दिवसातून कितीतरी वेळा." तिनं कपाळाला हात लावला. "गावात विहिरीत डोकावत नाही गं तो. माळ्यावर चढायचं म्हटलं तर मीच चढते. लहानपणी झाडावरून पडला तेव्हापासून खाली बघितलं की हातपाय गळतात त्याचे. पाळण्यावर कामाला आहे म्हणाला तेव्हा मला थापच वाटली होती."

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. कडीवरचे ते घट्ट हात. माझ्या कपाळावरची ती नजर. उतरल्यावरचा पाण्याचा तांब्या. इतकी वर्षं मला वाटत होतं की नाना लोकांना बोलतं करायला विचारतात. तेही असेल. पण त्यांनी ती सुरत कधी बघितलीच नव्हती. ती त्यांना आम्ही सांगितली होती, मी आणि त्या सगळ्या एकट्या माणसांनी. आणि एवढी भीती वाटत असताना कुणीतरी खाली एकटं उभं आहे म्हणून हा माणूस पुन्हा पुन्हा वर जात होता! मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, कारण नाना नळावरून येऊन म्हणाले, "सुमन, चहा सांग. तिघांना."

दुसऱ्या दिवशी उधना स्टेशनवर मी त्यांना पोचवायला गेले. नाना माईबरोबर कायमचे निघाले होते. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी. गाडी हलायच्या आधी खिडकीतून म्हणाले, "एकली चहा पिऊ नको." मी म्हटलं, "काढा पिईन, तुम्हाला काय करायचंय?" हसले. गाडी गेली. फलाटावर इतकी माणसं होती आणि मला कुणाच्या तोंडाकडे बघावं ते कळेना.

गेल्या हिवाळ्यात माईचा फोन आला. नाना गेले. छाती भरली होती, अंथरुणाला खिळले होते. माई सांगत होती, शेवटी शेवटी माणसं ओळखेनात. पण तिचा हात कडीसारखा घट्ट धरायचे आणि तिच्या कपाळाकडे बघत विचारायचे, काय दिसस, सांग. "मग?" मी विचारलं. माई म्हणाली, "मग काय? सांगितलं. ऊस दिसतो. तुरे आलेत. चिमण्या दिसतात. नाला जांभळा आहे. मला त्यांनी सांगितलं होतं तेच सांगितलं. मी सांगत होते तेव्हाच गेले." मग फोन तसाच दोघींच्या कानाला राहिला.

आता मी मुलाबरोबर त्याच इमारतींपैकी एकीत वरच्या मजल्यावर राहते, जिथून बायका आमच्या पाळण्याकडे बघायच्या. मुलगा आणि सून सकाळी लवकर कामाला जातात, नातू शाळेत. खाली बागेच्या जागी गोदामाचे पत्रे आहेत. सगळे गेल्यावर मी चहा करते, कप घेऊन गॅलरीत येते, समोर एक रिकामी खुर्ची ओढून ठेवते. मग दिसेल ते मोठ्यानं सांगते. एकदा सून काहीतरी विसरलं म्हणून परत आली आणि म्हणाली, "आई, कुणाशी बोलताय?" मी म्हटलं, "कुणाशी नाही. तू जा, बस चुकेल." ती गेल्यावर पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. पूल दिसतो. पत्रे दिसतात. नाला आज हिरवा आहे. आणि बारडोलीच्या अंगाला ऊस दिसतो नाना, तुरे आलेत.